पट्टी बदलली की पाणी

रस्त्यात नऊ हजार माणसं नाचत होती, आणि आवाज येत होता तो फक्त चपलांचा.

आंबेखिंडीच्या भैरोबाची जत्रा होती. चैत्रातली दुपार, तीन वाजून गेलेले, आणि ऊन असं की शाळेच्या गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. त्या गच्चीवर ताडपत्रीच्या तुकड्याखाली डीजे सोनल ऐवळे आपलं यंत्र मांडून बसली होती. खाली देवळापासून वेशीपर्यंतचा अर्धा किलोमीटर रस्ता माणसांनी काठोकाठ भरला होता. सगळ्यांचे हात एकदम वर जात, एकदम खाली येत. दोन पावलं पुढे, एक मागे. आणि ज्याच्या गळ्यात पट्टा नाही त्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"मुकी जत्रा झालीया ही," सोनलचे वडील म्हणाले. गळ्यात पट्टा नसलेला माणूस गच्चीवर तेवढा एकच होता.

हणमंत मास्तर चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रंपेट वाजवत होते. वय सदुसष्ट. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने फुप्फुसं धरली, तेव्हापासून डॉक्टरांनी वाजवणं बंद केलं होतं. वर्षातून एकदा, भैरोबाचा गाडा देवळातून हलताना, मिनिटभर सलामी द्यायची तेवढी मुभा होती. आज सकाळी दहाला ती देऊन झाली होती, आणि मास्तर ट्रंपेट मांडीवर घेऊन लेकीची करामत बघत बसले होते. करामत त्यांना पसंत नव्हती, पण तसं ते दिवसातून चार वेळाच म्हणत.

उघड्यावर स्पीकर लावायला आणि परवान्याशिवाय वाद्य वाजवायला बंदी आली त्याला आता सहा वर्षं झाली होती. त्यानंतर आले हे गळपट्टे. मिरवणुकीत शिरताना स्वयंसेवक प्रत्येकाच्या गळ्यात एक पट्टा अडकवतो. पट्टा जबड्याच्या हाडाला बारीक थरथर देतो आणि ती थरथर आतून कानापर्यंत पोचते. बाहेरचा कान मोकळाच राहतो. पट्टा नाडी मोजतो, आजूबाजूचा आवाजही ऐकतो, आणि सगळं डीजेच्या पडद्यावर पाठवतो. डीजेच्या स्वतःच्या पट्ट्यात गाणं तपासण्यापुरतं, अगदी मंद वाजतं. म्हाताऱ्यांची झोप मोडत नाही, भिंतींना तडे जात नाहीत. सरकार खूश, पोलीस खूश, डीजेही जगले.

भांडण होतं ते पुढच्या पायरीवर, आणि ते सोनलच्या घरातच होतं.

सोनलचा नवरा निरंजन ध्वनीतला इंजिनियर. 'सुरमेळ' नावाचं यंत्र त्याच्याच डोक्यातून निघालेलं. प्रत्येक गाण्याला आपली पट्टी असते. पेटीवरच्या पट्ट्या मोजल्या तर एक गाणं काळी दोनमध्ये, दुसरं पांढरी पाचमध्ये. डीजे एकातून दुसऱ्यात जातो तेव्हा दोन्ही गाणी काही क्षण एकावर एक वाजतात, आणि पट्ट्या जुळत नसल्या की कानाला खडा लागतो. पूर्वी डीजे जवळच्या नात्यातल्या पट्टीतलं गाणं शोधायचे, म्हणजे सातांतले सहा सूर तरी सारखे निघायचे. सुरमेळला शोधायची गरजच नव्हती. ते गाण्याचा वेग तसाच ठेवून त्याची पट्टी सरकवायचं, तीही इतक्या हळुवारपणे की कुठे सांधा दिसत नसे. देवळात घंटा वाजली तर गळपट्ट्यांतून ती ऐकून यंत्र सगळी गाणी घंटेच्या पट्टीत नेऊन ठेवायचं. निरंजनला या घंटेचा भारी अभिमान होता. पाहुण्यांना चहाच्या आधी तीच गोष्ट ऐकावी लागे.

"माणसाचा मेंदू पुढचा सूर सतत ओळखत असतो," तो सांगायचा. "अंदाज बरोबर आला की तो निवांत असतो. चुकला की दचकतो. लोक थकतात ते या दचकण्याने. माझ्या यंत्रावर माणसं पाच तास नाचतात आणि म्हणतात, अजून हवं."

"थकत नाहीत की थकल्याचं कळत नाही?" सोनलने एकदा विचारलं होतं.

"फरक काय?"

सोनलला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. ती कानाने गाणी जोडणारी बाई. मधूनच मुद्दाम पट्टी मोडायची. गर्दी क्षणभर बिचकायची, हसायची, घाम पुसायची आणि नव्या जोमाने उठायची. वडिलांच्या बँडचीच ती रीत. त्यांच्याकडे नियम होता, पट्टी बदलली की पाणी. ट्रंपेटवाल्यांना ओठ ओले करायला दहा-बारा ठेके लागत, तेवढ्यात नाचणारेही घागरीकडे वळत. निरंजन याला गबाळेपणा म्हणायचा. वर्षभर हा वाद जेवणाच्या ताटावर चालला, आणि शेवटी सोनल म्हणाली होती, बरं, एक जत्रा तुझ्या यंत्रावर. निरंजन इतका हरखला की सकाळीच स्वतः गळपट्टा घालून गाड्याच्या मागोमाग नाचायला गेला.

पडद्यावर गेले पाच तास सगळं हिरवं होतं. हिरवं म्हणजे सूर जुळलेले. मेळ अठ्ठ्याण्णव टक्के. पाण्यासाठी ठेवलेले दोन थांबे सोनलने रद्द केले होते, कारण कोणी पाणी मागतच नव्हतं.

"गाडा हलंना गं," मास्तर म्हणाले.

सोनलने वेशीकडे पाहिलं. भैरोबाचा लाकडी गाडा वेशीच्या कमानीत तिरका उभा होता. चाक दगडात रुतलेलं. कमानीत माणूस जाईल एवढीही फट उरली नव्हती. आणि मागून नऊ हजार माणसं येतच होती. दोन पावलं पुढे, एक मागे.

तिने पडद्यावर मेळ बाजूला सारून नाड्या उघडल्या. वेशीजवळचे तीनशे ठिपके लालभडक होते. एकशे सत्तर. एकशे पंचाहत्तर. त्यातल्या एका ठिपक्यावर नाव होतं, निरंजन. एकशे एक्याऐंशी.

दुर्बीण डोळ्याला लावली तर पुढची माणसं एकमेकांत इतकी चेपलेली की हात वर गेले ते खाली यायला जागा नव्हती. एका बाईची मान लुळी पडून शेजारणीच्या खांद्यावर होती, आणि पाय जमिनीला टेकत नसूनही ती पडत नव्हती. स्वयंसेवक तिथेच होते, दोन पोलीसही होते, पण पट्टे त्यांच्याही गळ्यात होते. सगळे हसत होते. 

तिने यंत्राच्या फोनवरून निरंजनला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"मस्त चाललंय!" तो म्हणाला. आवाज आनंदी होता, थोडा गाण्यासारखा. "काय माहोल आहे, सोनल!"

"निरंजन, ऐक. गाडा अडकलाय. तू चेंगरतोयस. बाहेर पड तिथून."

"मी मजेत आहे गं."

"तुझी नाडी एकशे एक्याऐंशी आहे! श्वास घेता येतोय का तुला?"

"हो की." पण ते 'हो' आणि 'की' यांच्यामध्ये त्याला दोनदा दम घ्यावा लागला. "मेळ किती आहे?"

"मेळ गेला चुलीत! यंत्राचं कुलूप उघडायचा आकडा दे. मला पट्टी मोडायची आहे."

"अजिबात नाही," निरंजन तितक्याच आनंदाने म्हणाला. "बेसूर करू नकोस. सगळे किती छान..." पुढचे शब्द आलेच नाहीत. फोन सुरू होता, आणि त्यातून फक्त चपला ऐकू येत होत्या.

तेव्हा सोनलला निरंजनच्या त्या 'फरक काय?'चं उत्तर सापडलं. तहान, बरगडीत रुतलेलं कोपर, पायाची ठेच, हे शरीराचे निरोप असतात. मेंदू दचकतो, क्षणभर भानावर येतो, तेव्हा ते निरोप त्याच्यापर्यंत पोचतात. पाच तास कोणी दचकलं नव्हतं, आणि पाच तासांचे निरोप दाराबाहेर ताटकळत उभे होते.

तिचा हात यंत्राच्या तारेकडे गेला. तार उपटली की सगळं बंद. पण हात तिथेच थांबला. पुण्याच्या सभागृहातली चाचणी तिने पाहिली होती. तीनशे माणसांचा सूर एकदम तोडला. तीनशे माणसं एकदम भानावर आली, एकदम घाबरली आणि एकदम दाराकडे धावली. दोघांचे पाय मोडले. म्हणून तर निरंजनने कुलूप बसवलं होतं, आणि दाट गर्दीत यंत्र बंद करू नये असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. इथे नऊ हजार होते. पुढचे मागे वळणार, मागचे पुढेच असणार, आणि मधल्यांचा चुरा होणार.

"बाबा, काय करू?" ती म्हणाली. ती रडत होती.

मास्तर उठून उभे राहिले होते. "मागनं सोडवायचं असतंय," ते म्हणाले. "येशीत गाडा दर दोन-चार सालानं अडकतोय. आमी काय करायचो? बँड पुढं न्हाई थांबायचा. गल्लीनं वळसा घालून देवळापाशी जायाचा आणि तितं पट्टी मोडायचा. मागची माणसं पाण्याला वळली की त्येंच्या पुढची वळत्यात, मग त्येंच्या पुढची. येशीतला माणूस शेवटी सुटतो, पण सुटतो."

सोनलच्या लक्षात आलं. गळपट्टा कान बंद करत नाही. बाहेरचा ट्रंपेट ऐकू येईल, तोही जिथवर आवाज पोचेल तिथवरच. मागे आधी, पुढे नंतर.

"पण तुमचा दम..."

"दम काय लोणच्यात घालायचाय? यंत्र कंच्या पट्टीत हाय सांग. मला तर कायबी ऐकू येत न्हाई."

"पांढरी चार."

"मग मी काळी तीन लावतो. लागू दे खडा."

ते जिन्याकडे वळले. सोनलने आपल्या फोनवरून त्यांना फोन लावला, त्यांचा फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या खिशात घातला, आणि यंत्राच्या फोनवर निरंजनचा कॉल तसाच चालू ठेवला. मग देवळातल्या, पट्टा न घातलेल्या पुजारीणबाईंना संदेश पाठवला, हौदाजवळ जेवढ्या घागरी, बादल्या असतील तेवढ्या भरून ठेवा आणि वळेल त्याच्या हातात तांब्या द्या.

मागच्या गल्लीने देवळाला जायला मास्तरांना सहा मिनिटं लागली. सोनलच्या आयुष्यातली ती सर्वांत लांब सहा मिनिटं. निरंजनचा ठिपका एकशे अठ्ठ्याऐंशीवर गेला.

मग मुक्या रस्त्यावर ट्रंपेट वाजला.

सोनलला तो गच्चीवरही ऐकू आला, आणि गळपट्ट्यातल्या गाण्यावर आदळून तिचे दात शिवशिवले. पडद्यावर देवळाजवळचे दीडशे ठिपके थरथरले. दुर्बिणीतून तिला दिसलं, मागची माणसं थांबली होती. एकाने कानात बोट घातलं. एकजण आपल्या तळपायाकडे बघत होता, तिथे रक्त होतं. एक बाई मटकन खाली बसली आणि तिने हौदाकडे हात केला. आठ सेकंद, नऊ सेकंद. दोन ओळी गर्दीतून सुटल्या.

आणि मग पडदा पुन्हा हिरवा झाला. यंत्राने ट्रंपेट ऐकला होता. घंटा ऐकायचं तसाच ऐकला, आणि सगळी गाणी अलगद काळी तीनमध्ये नेऊन ठेवली. मास्तरांचा सूर आता गाण्याचाच सूर झाला होता, आणि सुटायच्या बेतात असलेली माणसं पुन्हा पुढे सरकू लागली.

"बाबा, यंत्र तुमच्यावर आलं! काळी तीन झालं!"

खिशातून धाप ऐकू आली. "मग मी पांढरी पाच."

पुन्हा खडा लागला. पुन्हा आठ सेकंद, पुन्हा तीन ओळी. यंत्र मागोमाग आलं.

"पांढरी पाच झालं!"

"काळी चार."

अशी ती शर्यत सुरू झाली. लेक वरून पट्टी सांगत होती आणि बाप खाली ती मोडत होता, एकेक पाऊल रस्त्याने पुढे येत. चार फेऱ्यांनंतर यंत्राला ही चढण उमगली. मास्तरांनी सूर लावायच्या आधीच ते पुढच्या पट्टीत जाऊन बसलं आणि ट्रंपेटला काही धारच राहिली नाही.

"बाबा, ते शिकलं! आता खाली या! एकदम खाली, पांढरी तीन!"

मास्तर खाली आले. खडा लागला. पण आता प्रत्येक सुराआधीची धाप लांबत चालली होती. रस्त्याचा मागचा अर्धा भाग मोकळा झाला, हौदाशी माणसांची रांग लागली, पट्टे काढून फेकलेले दिसू लागले. वेशीजवळचे लाल ठिपके मात्र तसेच होते. निरंजनचा ठिपका आता खाली येत होता, एकशे साठ, एकशे तीस, आणि हे खाली येणं चांगलं नव्हतं हे सोनलला कळत होतं.

"काळी एक झालं, बाबा. पांढरी दोन लावा."

खिशातून फक्त एक फुसकी फुंकर ऐकू आली.

"बाबा?"

"व्हट फुटलाय," खिशातून आवाज आला. "लागंना झालाय सूर."

"मग बस करा. बाबा, बस करा, खाली बसा." असं म्हणताना तिची नजर निरंजनच्या ठिपक्यावर होती, आणि आपण काय बोलतोय याची तिला लाज वाटली, आणि काय बोलत नाहीये याचीही. बाप आणि नवरा एकाच रस्त्याच्या दोन टोकांना होते, आणि तिच्याजवळ एकच श्वास होता, तोही बापाच्या छातीतला.

मास्तर बसले नाहीत. रस्त्याच्या मधोमध गुडघे वाकवून त्यांनी ट्रंपेट उचलला आणि उरलासुरला सगळा दम त्यात फुंकला.

जो सूर निघाला तो सूर नव्हता. फुटक्या ओठातून आलेला, फाटका, पांढरी दोनच्या खाली आणि काळी एकच्या वर, बाजाच्या दोन पट्ट्यांमध्ये जिथे बोट ठेवायला जागाच नसते तिथला. मध्येच तो घसरायचा, पुन्हा चढायचा. यंत्राने तो ऐकला. वर सरकलं, जुळेना. खाली सरकलं, जुळेना. त्याच्याजवळ बाराच घरं होती आणि हा आवाज त्यातल्या एकातही राहायला तयार नव्हता. पडद्यावरचा हिरवा रंग गेला, आला, पुन्हा गेला. सुरमेळची सगळी गाणी त्या फाटक्या आवाजामागे हेलकावत निघाली, आणि पहिल्यांदाच गळपट्ट्यांतलं गाणं स्वतःच बेसूर झालं.

मागे आता रस्ता रिकामा होता. वळायला जागा होती. वेशीजवळची माणसं थबकली, त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणीतरी किंचाळलं. गर्दी सैल पडत मागे उलगडली. ज्या बाईचे पाय टेकत नव्हते ती खाली घसरली आणि चार हातांनी तिला धरलं.

यंत्राच्या फोनमध्ये खरखर झाली.

"सोनल," निरंजन म्हणाला. आवाज घोगरा होता, त्यात गाणं नव्हतं. "सोनल, माझी छाती... पाणी आहे का गं?"

ती जिन्यावरून धावत सुटली. रस्त्यावर आल्यावर क्षणभर तिला कळेना, वेशीकडे पळायचं की देवळाकडे. मास्तर रस्त्यात मांडी घालून बसले होते. त्यांनी ट्रंपेट वेशीच्या दिशेने हलवला. जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. एकीवर तीन बरगड्या मोडलेला निरंजन, दुसरीवर नाकाला प्राणवायूची नळी लावलेले मास्तर. एक्केचाळीस जण जखमी झाले होते. मेलं कोणी नव्हतं. सुरमेळने रात्रीच आपला अहवाल पाठवला होता. मेळ सत्त्याण्णव टक्के, शेवटची चार मिनिटं बाहेरच्या आवाजाचा व्यत्यय. मास्तरांच्या नावानेही एक कागद आला होता, उघड्यावर वाद्य वाजवल्याबद्दल खुलासा करण्याचा.

निरंजनला फोनवर बोललेलं काहीच आठवत नव्हतं. सोनल त्याला सांगत होती, पण त्याचा विश्वास बसेना. शेवटी तिने यंत्रात राहिलेला आवाज लावला. मस्त चाललंय. मी मजेत आहे गं. बेसूर करू नकोस. तो डोळे मिटून ऐकत राहिला. 

"हा मी नाही," तो म्हणाला.

"तूच आहेस," सोनल म्हणाली.

शेजारच्या खाटेवरून मास्तरांनी मान वळवली. "परत लाव जरा." त्यांनी एकदा ऐकलं. "पांढरी चारात बोलतोय बघ. एकबी अक्षर बाहेर न्हाई."

 निरंजनच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला त्याला हात उचलता येत नव्हता. सोनलने पुसलं. त्याच्यावरचा राग तिच्या मनात अजून होता, आणि स्वतः रद्द केलेले दोन थांबेही होते. ते तिने अजून कोणाला सांगितले नव्हते. आता तिने सांगितले. निरंजनने तिचा हात घट्ट धरला.

"बाबा," थोड्या वेळाने तो म्हणाला, "तो शेवटचा सूर. यंत्रात त्याची नोंदच नाही. कुठला होता तो? मला तो त्यात घालायचा आहे. दर अर्ध्या तासाला, आपोआप."

"सूर कुठला त्यो," मास्तर खजील होऊन म्हणाले. "चाळीस वर्सात असला फाटका आवाज काढला न्हवता मी. लोकांनी काय म्हटलं आसंल. दम संपला हुता माझा, जावईबापू. त्यो कसा घालशील यंत्रात?"

निरंजनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मास्तरांनी हातानेच त्याला थांबवलं आणि मधल्या टेबलावरच्या तांब्याकडे बोट दाखवलं.

"आधी पाणी पी," ते म्हणाले.

सोनलने पेला त्याच्या ओठाला लावला. तो घटाघट प्यायला, ठसकला, बरगड्या कळवळल्या तरी थांबला नाही. पेला रिकामा झाल्यावर त्याने मान पुन्हा तांब्याकडे वळवली.

"अजून दे," तो म्हणाला. "खूप तहान लागली आहे."